प्रोबेशनमध्ये नोकरी गेली, तरी केलेल्या कामाचा पगार हा हकच

केंद्र सरकारने २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता लागू केल्या. तेव्हापासून चर्चा मुख्यतः दोन गोष्टींवर झाली. हातात येणारा पगार कमी होणार का, आणि तीनशेपर्यंत कामगार असलेल्या कारखान्यांना आता माणसं काढणं सोपं झालं का? दोन्ही प्रश्न मोठे आहेत. पण आपल्या घरातली जी मुलं-मुली नुकतीच कामाला लागली आहेत, त्यांच्या कामाची तिसरी एक गोष्ट या गडबडीत मागे राहिली. नोकरी गेली की राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा, असं वेतन संहितेत स्पष्ट लिहिलं आहे. आणि त्यात "प्रोबेशनवाले सोडून" असा शब्द कुठेही नाही.

आपल्या समाजात आज असंख्य घरांत पहिल्यांदाच कुणीतरी महिन्याच्या पगारावर काम करतंय. अब्बांचा हातगाडीचा धंदा, चाचांचं गॅरेज, मामूंची शिलाई, आणि मुलगा मॉलमध्ये, कॉल सेंटरला, इस्पितळात किंवा आयटी कंपनीत. मुलगी खासगी शाळेत शिक्षिका. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात साहेब बोलावतात, "उद्यापासून येऊ नका" म्हणतात, आणि पगाराचं विचारलं तर उत्तर मिळतं, "प्रोबेशनमध्ये काही मिळत नसतं." पोरगं मान खाली घालून घरी येतं. नात्यात काय सांगायचं, ठरलेल्या रिश्त्याचं काय होणार, या काळजीत पगाराचा विषय तिथेच संपतो. आमचं म्हणणं एवढंच आहे की साहेबांचं ते वाक्य खोटं आहे.

प्रोबेशन म्हणजे नक्की काय

प्रोबेशन म्हणजे पारखण्याचा काळ. माणूस कामाला बरा आहे का, हे मालक बघतो. खासगी नोकरीत सगळीकडे लागू होईल असा एकच कालावधी कायद्याने ठरवलेला नाही. नेमणूक पत्रात बहुतेक वेळा तीन किंवा सहा महिने लिहिलेले असतात. या काळात काम पसंत पडलं नाही तर मालक नोकरी संपवू शकतो. कायम नोकराला जेवढं संरक्षण असतं तेवढं इथे नाही, हे खरं आहे आणि ते मान्य करायला हवं. सहा महिने उलटले आणि कायम केल्याचं पत्र आलं नाही, तर माणूस आपोआप कायम होतो असंही सहसा नसतं. पत्रात किंवा लागू नियमात तसं लिहिलेलं असावं लागतं.

पण पारख नोकरीची असते, मजुरीची नसते. ज्या दिवशी काम केलं त्या दिवसाचा पगार त्याच दिवशी कमावून झाला. तो "कच्चा" नाही आणि साहेबांच्या मर्जीवरही नाही.

हा नियम आभाळातून पडलेला नाही. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यातही मालकाने काढलं तर दुसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत पगार चुकता करायचा, असंच होतं. मात्र तो कायदा महिना २४ हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्यांनाच लागू होता. आता वेतन संहितेने ही मर्यादा काढली. पगार १२ हजार असो की ७० हजार, नियम तोच. शिवाय आपण स्वतः राजीनामा दिला तरी दोन दिवसांचाच नियम आहे. कंपन्यांची ती जुनी सवय, "फुल अँड फायनल ४५ दिवसांनी होईल", ती कमावलेल्या पगाराच्या बाबतीत आता चालायला नको.

एक मोठा फरक मात्र ध्यानात ठेवा. ॲप्रेंटिस कायद्याखाली घेतलेला उमेदवार हा या संहितेच्या अर्थाने "कर्मचारी" धरला जात नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिसने म्हैसूरच्या आपल्या केंद्रातून तीनशेहून जास्त नव्या मुलांना काढलं. तीन संधी देऊनही अंतर्गत परीक्षा पास झाली नाही, असं कंपनीने सांगितलं. पुण्याच्या 'नाइट्स' या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली. त्या वादात कळीचा प्रश्न हाच होता की ही मुलं कर्मचारी की नुसते प्रशिक्षणार्थी. म्हणून सही करण्याआधी पत्रात "ट्रेनी", "ॲप्रेंटिस" की "प्रोबेशनर" लिहिलंय ते नीट वाचा. एका शब्दावर हक बदलतो.

हिशेब कसा मांडायचा

समजा, पगार महिना २४ हजार आहे आणि पाचव्या महिन्याच्या १२ तारखेला काढून टाकलं. महिन्याचे ३० दिवस धरले तर रोजचे ८०० रुपये होतात. बारा दिवसांचे ९,६०० झाले. हे तर मिळालेच पाहिजेत. मागच्या महिन्याचा पगार अजून आला नसेल तर तोही यात येतो. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत देणं बंधनकारकच आहे.

नोटिशीचं वेगळं आहे. प्रोबेशनमध्ये इतक्या दिवसांची नोटीस द्यावीच, असा सर्वांना लागू होणारा नियम आपल्याकडे नाही. पत्रात जे लिहिलंय तेच चालतं. पत्रात १५ दिवसांची नोटीस असेल आणि त्यांनी आजच्या आज घरी पाठवलं, तर त्या १५ दिवसांचे १२ हजार मागता येतात. म्हणजे एकूण २१,६०० झाले. अट दोन्ही बाजूंना सारखी आहे की नाही तेही बघा. काही पत्रांत नोकराला एक महिना आणि कंपनीला शून्य दिवस, असा प्रकार असतो. तो सही करण्याआधीच विचारायचा.

रजा: दहा किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांसाठी असलेल्या नव्या संहितेत कामगाराने वर्षात १८० दिवस काम केलं की २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा आहे. आधी ही अट २४० दिवसांची होती. काढून टाकलं तर शिल्लक रजेचे पैसे मिळतात.

पीएफ आणि ईएसआय: जिथे हे लागू आहेत तिथे पहिल्या दिवसापासून लागू आहेत. "कायम झालात की पीएफ सुरू करू" हे चालत नाही. पगारातून पैसे कापले पण खात्यात जमा केले नाहीत, असं तर झालं नाही ना, हे यूएएन नंबर टाकून स्वतः बघा. नोकरी गेली म्हणून घाईने पीएफ काढू नका. नव्या नोकरीत तोच यूएएन द्या आणि रक्कम तिकडे वळवा. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा मोजली जाते, त्यात हे महिनेही जोडले जातात.

बोनस: बोनसचा कायदा लागू असलेल्या ठिकाणी वर्षात ३० दिवस काम केलं असेल आणि पगार मर्यादेत असेल, तर कामाच्या काळापुरता बोनस प्रोबेशनवाल्यालाही मिळतो. किमान दर ८.३३ टक्के आहे. दिवाळीला तो वाटला जातो तेव्हा आपण तिथे नसतो, म्हणून कुणी मागत नाही. मागायला हवा.

कपात: गणवेश, ओळखपत्र, "ट्रेनिंगचा खर्च", हिशेबात तूट, अशा नावांनी पैसे कापले जातात. कोणत्या कारणासाठी कापायचे ते कायद्याने ठरवून दिलंय, आणि सगळ्या कपाती मिळून त्या काळातल्या पगाराच्या ५० टक्क्यांवर जाऊ शकत नाहीत. पगाराची पावती मागा. ती देणं मालकाचं काम आहे.

"राजीनामा लिहून द्या"

बऱ्याच ठिकाणी आता काढत नाहीत, राजीनामा लिहून घेतात. "तुमचंच भलं आहे, रेकॉर्ड खराब होणार नाही," असं गोड बोलतात. कधी कधी हे खरंही असतं. पण राजीनामा आपल्या हातचा झाला की नोटिशीचे पैसे मागता येत नाहीत, उलट आपल्याकडूनच मागितले जातात. म्हणून तिथल्या तिथे सही करू नका. एक रात्र मागून घ्या. घरात एखाद्या जाणत्याला दाखवा. दबाव आला असेल तर त्याच दिवशी साध्या भाषेत ईमेल टाका की, मला आज अमुक वेळी राजीनामा द्यायला सांगण्यात आलं, मी स्वतःहून सोडलेलं नाही.

बाँडचंही तसंच. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात, ठरलेली वर्षं पूर्ण होण्याआधी नोकरी सोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून दोन लाख रुपये घेण्याची अट वैध ठरवली. म्हणजे बाँड हा नुसता कागद आहे, असं समजून सही करायचे दिवस गेले. पण त्या प्रकरणात अधिकाऱ्याने स्वतः नोकरी सोडली होती. कंपनीनेच काढलं तर बाँडचे पैसे मागता येतात का, हे त्या बाँडच्या शब्दांवर ठरेल. मूळ गुणपत्रिका आणि दाखले मात्र कुठल्याही कारणाने मालकाकडे जमा करू नका. दाखवा, झेरॉक्स द्या, परत आणा.

कारण न सांगता काढणं आणि आपली शंका

आता जरा अवघड विषयाकडे येऊ. दाढी, हिजाब, जुम्म्याच्या नमाजची सुट्टी किंवा नुसतं नाव, यांमुळे काढलं असावं अशी शंका आपल्या मुलांना येते. प्रोबेशनमध्ये कारण सांगायची सक्ती नसते, त्यामुळे भेदभाव करणाऱ्याला ही सोयीची आड मिळते. संविधानातला धर्मावरून भेदभाव न होण्याचा नोकरीतला हक मुख्यतः सरकारी नोकरीसाठी आहे. खासगी कंपन्यांना बांधून ठेवणारा तसा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे अजून नाही. ही उणीव आहे आणि ती भरून काढण्याची मागणी सगळ्या पक्षांकडे करत राहिली पाहिजे.

तोवर काय करायचं? कारण लेखी मागायचं. सरकारी आणि निमसरकारी नोकरीत न्यायालयांनी फार पूर्वीपासून सांगून ठेवलंय की आदेश वरून साधा दिसला तरी खरं कारण गैरवर्तनाचा आरोप असेल, तर चौकशी केल्याशिवाय प्रोबेशनवाल्यालाही काढता येत नाही. १९७४ चा शमशेर सिंग खटला यासाठी आजही दाखवला जातो. खासगी क्षेत्रातही सूडबुद्धीने काढणं हे औद्योगिक संबंध संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीत अनुचित कामगार प्रथा म्हणून नोंदलेलं आहे. शंका आणि पुरावा यांत मात्र अंतर असतं. संदेश, ईमेल, कामाचे आकडे, साहेबांनी आधी केलेली तारीफ, हे सगळं जपून ठेवलं तरच शंकेचा पुरावा होतो. प्रत्येक वेळी हेच कारण असतं असंही नाही. काम खरंच जमलं नसेल तर ते आपसात कबूल करून शिकणं, यातही आपलं भलं आहे.

आणखी एक आकडा लक्षात ठेवा, २४०. प्रोबेशन वाढवत नेऊन मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम झालं असेल, तर ती वर्षभराची सलग सेवा धरली जाते. मग कामगाराच्या व्याख्येत बसणाऱ्याला कपातीच्या भरपाईचा, म्हणजे एक महिन्याची नोटीस आणि वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराचा, दावा करण्याची वाट उघडते. मालक यावर वाद घालेल. अशा वेळी कागद वकिलाला दाखवल्याशिवाय सोडून देऊ नका.

शाळेतल्या मुली आणि आपल्याच संस्था

खासगी मान्यताप्राप्त शाळांसाठी महाराष्ट्रात १९७७ चा वेगळा कायदा आहे. त्यात नियमाप्रमाणे नेमलेल्या शिक्षकाचं प्रोबेशन दोन वर्षांचं, शिक्षण सेवकाचं तीन वर्षांचं. मधेच काढायचं तर काम समाधानकारक नसल्याच्या कारणावर, आणि एक महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचा पगार देऊन. काळ पूर्ण झाला की इथे मात्र शिक्षक कायम झाल्याचं मानलं जातं. काढल्यावर शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करायला ३० दिवसच असतात. "बघू, सुट्टीनंतर बोलावतील" या आशेवर कित्येक मुली हे ३० दिवस घालवतात.

आता आपल्या लोकांशीही थोडं बोलायला हवं. उर्दू आणि इंग्रजी शाळा चालवणाऱ्या ट्रस्टमध्ये आपली माणसं आहेत. हॉटेलं, बेकऱ्या, कपड्यांची दुकानं, टूर-ट्रॅव्हल्सची ऑफिसं आपलीच आहेत. तिथे किती ठिकाणी नेमणूक पत्र देतात? "आठ दिवस ट्रायल मार, मग बघू" म्हणून पोराला राबवायचं आणि नवव्या दिवशी रिकाम्या हाताने पाठवायचं, हे आपल्या मोहल्ल्यातही चालतं. एप्रिलमध्ये शिक्षिकेला काढून जूनमध्ये पुन्हा घ्यायचं, म्हणजे सुट्टीचा पगार वाचतो, हेही चालतं. मजुराच्या घामाबद्दलची हदीस आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. मापात खोट करणाऱ्यांना बजावणारी सूरह आपण नमाजमध्ये ऐकतो. ट्रायलच्या आठ दिवसांची मजुरी दाबणं हीसुद्धा मापातली खोटच आहे. दुसऱ्यांकडे इन्साफ मागताना आधी आपला गल्ला साफ असावा, असं आम्हाला वाटतं.

आखातात गेलेल्यांसाठी

रत्नागिरी, रायगडपासून मराठवाड्यापर्यंत आपल्या हजारो घरांचा चुल्हा आखाती पगारावर पेटतो. तिथलं प्रोबेशन वेगळं आहे. संयुक्त अरब अमिरातीत फेब्रुवारी २०२२ पासून लागू असलेल्या कायद्यात प्रोबेशन जास्तीत जास्त सहा महिने आहे, आणि मालकाने काढायचं तर किमान १४ दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते. आपण देश सोडून परत यायचं ठरवलं तर १४ दिवस, आणि तिथेच दुसऱ्या मालकाकडे जायचं तर एक महिना आधी कळवायचं. करार संपल्यापासून १४ दिवसांत सगळे पैसे चुकते करायचे असतात. भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करायला तिथे बंदी आहे.

सौदी अरेबियात फेब्रुवारी २०२५ पासूनच्या दुरुस्तीनंतर प्रोबेशन १८० दिवसांपर्यंत असू शकतं, पण ते करारात लिहिलेलं हवं. मालकाने संपवलं तर हिशेब एका आठवड्यात. आणि इथल्या एजंटाला परवान्याप्रमाणे जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढीच फी घेता येते. दोन-दोन लाख देऊन गेलेला मुलगा चौथ्या महिन्यात परत आला की ती रक्कम बुडते, आणि घर कर्जात जातं. म्हणून एजंटाचा परवाना आणि पावती, दोन्ही आधी बघा.

पहिल्या आठवड्यात करायच्या गोष्टी

नोकरी गेल्याचा दिवस फार वाईट असतो, पण कागद त्याच दिवशी गोळा करावे लागतात. कंपनीचा ईमेल बंद होण्याआधी नेमणूक पत्र, पगाराच्या पावत्या, हजेरीच्या नोंदी आणि संदेश स्वतःकडे घ्या. कंपनीची गुप्त माहिती मात्र घेऊ नका, तो उलटा गुन्हा होईल. मग एका पानाचा मागणी अर्ज करा: कधी लागलो, कधी काढलं, किती दिवसांचे किती येणं आहेत. ईमेलने आणि रजिस्टर पोस्टाने पाठवा. रागाचा एकही शब्द नको.

पैसे आले नाहीत तर जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज द्या. वेतन संहितेत दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे. अधिकारी मूळ रकमेसोबत तिच्या दहा पटीपर्यंत भरपाई देऊ शकतो. पगार दिला हे सिद्ध करायची जबाबदारीही मालकावर आहे. कमी पगार देणाऱ्या मालकाला पहिल्या वेळी ५० हजारांपर्यंत दंड आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. त्यांचा फोन नंबर १५१०० आहे.

आणि घरच्यांनी एक करावं. नोकरी गेलेल्या मुलाला टोमणे मारू नयेत. दोन महिन्यांच्या ओढाताणीत पोरं मोबाईलवरच्या कर्जाच्या ॲपकडे वळतात आणि व्याजाच्या विळख्यात अडकतात. पगार गेला ते कळतं, कर्ज घेतलं ते कुणाला कळत नाही. जमातीच्या बैतुलमालमधून दोन महिन्यांचं कर्ज-ए-हसना देता आलं तर हा रस्ता बंद होईल. प्रत्येक मशिदीच्या जमातीने आपल्यातला एक वकील किंवा जाणता निवृत्त कर्मचारी महिन्यातून एक रविवार अशा कागदांसाठी बसवावा. दोन-तीन प्रकरणांत पैसे मिळाल्याचं मोहल्ल्यात कळलं की "प्रोबेशनमध्ये काही मिळत नसतं" असं बिनधास्त बोलणारे साहेबही आधी हिशेब काढून ठेवतील.